नेहरू स्टेडियम आणि अब्बांच्या टाळ्या

स्वारगेटहून सारसबागेकडे निघालं की गणेश कला क्रीडा मंचाच्या शेजारी नेहरू स्टेडियम लागतं. आजच्या मुलांना ते दाखवून द्यावं लागतं. पुण्याचं स्टेडियम म्हणजे द्रुतगती महामार्गाजवळचं गहुंज्याचं, असंच त्यांना वाटतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तर मला विचारलं होतं, "टीचर, स्वारगेटपर सच्ची में इंटरनॅशनल मॅच होती थी?" होत होती, बाबा. १९८४ च्या डिसेंबरात इंग्लंडचा संघ आला तेव्हापासून २००५ च्या नोव्हेंबरात श्रीलंकेचा संघ आला तोपर्यंत अकरा एकदिवसीय सामने तिथे झाले. त्यांतले दोन विश्वचषकाचे होते. कसोटी सामन्याचं भाग्य मात्र त्या मैदानाला कधी लाभलं नाही. पुण्यातली पहिली कसोटी २०१७ साली झाली, तीही गहुंजेलाच.

१९६९ साली उभं राहिलेलं हे महापालिकेचं स्टेडियम. दिमाख असा त्यात काही नव्हता. आम्ही बसायचो त्या भागात डोक्यावर छप्पर नव्हतं. सिमेंटच्या पायऱ्या सकाळी गार असायच्या आणि अकराच्या सुमारास तव्यासारख्या तापायच्या. जाणती माणसं वर्तमानपत्र घेऊन यायची, आधी वाचायला आणि मग बसायला. समोर पर्वती दिसायची. खेळ रटाळ झाला की माझी नजर पर्वतीच्या पायऱ्या चढू लागायची.

आमचं घर घोरपडे पेठेत. तिथून स्टेडियम पायी अंतरावर. हवा त्या बाजूची असली तर मैदानातला गलका गल्लीत ऐकू यायचा आणि रेडिओवरचा समालोचक सांगायच्या आतच चौकार गेला की विकेट पडली याचा अंदाज बांधता यायचा. अब्बा एका छापखान्यात बायंडिंगचं काम करत. क्रिकेटचं त्यांना वेड होतं. त्यांच्या तोंडी गावसकरचं नाव घरातल्या माणसासारखं असे. नवीन वही बांधली की पहिल्या पानावर एखाद्या सामन्याचा धावफलक लिहून काढायची त्यांना सवय होती. माझ्या शाळेच्या वह्यासुद्धा त्यातून सुटल्या नाहीत. आमच्या आपा वही तपासायला घेत आणि पहिल्या पानावर हिजाबद्दल ऐवजी वेंगसरकरच्या धावा पाहून कपाळाला हात लावत.

असा हा माणूस २२ मार्च १९८७ ला नेहरू स्टेडियमवर भारत-पाकिस्तान सामना पाहायला गेला. रविवार होता. पाच दिवसांपूर्वीच बंगळूरची कसोटी भारताने सोळा धावांनी गमावली होती. गावसकरने ९६ धावा केल्या होत्या आणि तीच त्याची शेवटची कसोटी ठरली. म्हणजे लोक आधीच खवळलेले. अम्मीला तेव्हा माझ्या वेळचे दिवस गेले होते. छापखान्यातल्या दोघांबरोबर अब्बा गेले. पुण्याचा तो सामना पाकिस्तानने सहा गडी राखून जिंकला.

अब्बा त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नसत. मी मोठी झाल्यावर, नोकरीला लागल्यावर, एकदा त्यांनी सांगितलं की तो अख्खा सामना आपण दोन्ही हात मांड्यांखाली ठेवून पाहिला. भारताच्या चौकाराला टाळी वाजवली की शेजारचे वळून बघायचे, हा जरा जास्तच जोरात वाजवतोय का म्हणून. नाही वाजवली तर, बघा, वाजवत नाही. आणि पाकिस्तानच्या एखाद्या फलंदाजाने देखणा फटका मारला, तर खेळ कळणाऱ्या माणसाचे हात आपोआप उचलले जातात. ते उचलले गेले असते तर काय झालं असतं, कोण जाणे. कदाचित काहीच झालं नसतं. सोबतचे दोघे चांगली माणसं होती, पुढे आयुष्यभर अब्बांचे मित्र राहिले. त्या दिवशी त्यांच्यापैकी कुणीही वाकडा शब्द काढला नाही, हे अब्बा आवर्जून सांगत. पण हात मांड्यांखालीच राहिले. मुंग्या आल्या तरी.

ज्याला कधी टाळीचा हिशेब द्यावा लागला नाही त्याला हे सांगून पटेल का, मला शंका आहे. भारत हरल्यावर अब्बांना रात्री जेवण जात नसे. पण उघड्यावर आनंद आणि दुःख किती मापाचं दाखवायचं, याचा हिशेब आमच्या घरातल्या पुरुषांना सतत डोक्यात ठेवावा लागे. जास्त दाखवलं तर सोंग, कमी दाखवलं तर पुरावा.

१९९३ च्या मार्चमध्ये झिंबाब्वेविरुद्धचा सामना पुण्यात झाला. सामना २५ तारखेचा आणि मुंबईचे बॉम्बस्फोट १२ तारखेचे. त्याआधी डिसेंबर-जानेवारीच्या दंगली. अम्मीने अब्बांना जाऊ दिलं नाही. अब्बांनीही फार हट्ट धरला नाही. भारत आठ गडी राखून जिंकला तो गलका त्यांनी गल्लीतूनच ऐकला.

मग आलं १९९६ साल. विश्वचषक भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत होता आणि पुण्याच्या वाट्याला सामना आला तो केनिया विरुद्ध वेस्ट इंडिज. मोहल्ल्यात सगळे हिरमुसले. भारताचा सामना नाही तर कशाला जायचं? आणि केनिया हा कोण संघ? पहिल्यांदाच विश्वचषक खेळणारा! वेस्ट इंडिज पन्नास षटकांचा खेळ वीस षटकांत उरकणार आणि लोक दुपारच्या जेवणाला घरी येणार, असा सगळ्यांचा अंदाज. अब्बांनी मात्र दोन तिकिटं आणली. एक त्यांचं, एक माझं. भाईजानची दहावीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून नंबर माझा लागला. नाहीतर मुलीला स्टेडियमवर नेण्याचा विषय आमच्याकडे निघालाच नसता. अम्मी म्हणाली, "लडकी को कहाँ मर्दों में लेके जाते?" अब्बा म्हणाले, "मर्दों में नहीं, मॅच में लेके जारा हूँ." मी तेव्हा तिसरीत होते. शाळेत त्यांनी खोटं कारण दिलं नाही. मुलीला क्रिकेटचा सामना पाहायला नेत आहे, एक दिवसाची रजा मिळावी, अशी सरळ चिठ्ठी लिहून दिली. आपांनी ती दोनदा वाचली आणि हसून रजिस्टरमध्ये ठेवून दिली.

२९ फेब्रुवारी, गुरुवार. रमजान ईद होऊन आठवडा उलटला होता आणि माझ्या अंगावर ईदचाच नवा फ्रॉक होता. स्टेडियम निम्मंही भरलं नव्हतं. आमच्या शेजारी एक काका बसले होते. पांढरी कापडी टोपी, मांडीवर फळी, फळीवर वही, दोन रंगांची पेनं. प्रत्येक चेंडूची नोंद ते स्वतः करत होते. पुण्यात अशी माणसं असतात. मैदानावरच्या फलकावर त्यांचा विश्वास नसतो. अब्बांनी त्या वहीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे लकाकले. बायंडिंग सुटलेली वही होती ती. दहा मिनिटांत दोघांचं जमलं.

काकांनी नाव विचारलं. अब्बांनी सांगितलं. पुढे क्षणभर जी शांतता येते ती आली. लहान असूनही ती मला कळायची, कारण अब्बा त्या वेळी घसा खाकरत. पण काकांचं लक्ष वहीत होतं. ते म्हणाले, "बरं झालं भेटलात. हा रजब अली म्हणून गोलंदाज आहे त्यांच्याकडे. रजब म्हणजे काय हो?"

"महिन्याचं नाव आहे, काका. आमच्या वर्षातला सातवा महिना."

"असं होय! म्हणजे आमच्याकडे श्रावण नाव ठेवतात, तसं."

"अगदी तसंच."

काकांनी ते वहीत लिहून घेतलं की काय, मला आठवत नाही, पण तेवढा वेळ पेन थांबलं होतं खरं. मग दोघांनी मिळून केनियाची नावं वाचायला सुरुवात केली. दीपक चुडासमा. हितेश मोदी. आसिफ करीम. तारिक इक्बाल. रजब अली. केनेडी ओटिएनो. मार्टिन सुजी. स्टीव्ह टिकोलो. कर्णधार मॉरिस ओडुंबे, आणि त्याचा भाऊ एडवर्डही संघात. काका म्हणाले, "हा संघ आहे की आमच्या नाना पेठेतली चाळ?" अब्बा इतके खळखळून हसले की पुढच्या पायरीवरची माणसं वळली. आणि तीही हसत होती.

केनियाची फलंदाजी यथातथाच झाली. अँब्रोज आणि वॉल्श समोर असताना दुसरं काय होणार. १६६ धावांत सगळे बाद. सर्वांत जास्त धावा, म्हणजे ३७, अवांतर होत्या. टिकोलोच्या २९. काकांनी वहीत अवांतरच्या आकड्याखाली लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "वेस्ट इंडिजने फुकट दिल्यात. फुकटचं महागात पडतं कधीकधी." तेव्हा कुणीच ते गांभीर्याने घेतलं नाही.

मधल्या सुट्टीत डबे निघाले. काकांचा गुरुवारचा उपवास. त्यांच्या डब्यात बटाट्याची उपवासाची भाजी आणि शेंगदाण्याचे लाडू. आमच्या डब्यात अम्मीने खिमा आणि चपात्या दिल्या होत्या. अब्बा डबा उघडेनात. मला म्हणाले, चल, जरा तिकडे वरच्या पायरीवर बसू. काकांच्या लक्षात आलं. "अहो, उपवास माझा आहे, तुमच्या पोरीचा नाही. जेवा इथेच निवांत. मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकतो." आणि ते खरंच दोन हात सरकले, फळीसकट. मग मला एक लाडू दिला. अब्बा जेवून जोहरच्या नमाजसाठी स्टँडच्या मागे सावलीत गेले, तेव्हा मी काकांजवळ बसून राहिले. त्यांनी मला षटक कसं लिहायचं ते शिकवलं. धाव नसेल तर टिंब, विकेटला डब्ल्यू, सहा टिंबं आली की निर्धाव. गुणाकाराच्या पाढ्यांहून मला ते सोपं वाटलं.

नंतर जे घडलं ते क्रिकेटच्या इतिहासात नोंदलेलं आहे. रिची रिचर्डसनचा त्रिफळा रजब अलीने उडवला. मग लारा आला. खरं सांगायचं तर स्टेडियममध्ये जी काही माणसं होती ती लारासाठीच आलेली होती. केनिया हरणार हे ठरलेलंच होतं, लाराचे चार फटके बघून घरी जायचं. त्याने आठ धावा केल्या आणि रजब अलीच्या चेंडूला बॅटची कड लागली. यष्टिरक्षक तारिक इक्बाल अंगाने चांगला भरलेला होता आणि सकाळपासून लोक त्याच्या अंगावरून विनोद करत होते. त्याने झेल घेतला. लांबून आम्हाला तो नीट दिसलाही नाही. चेंडू कुठे गेला, हातात आहे की पायात, काही कळेना. नंतर केनियाचे खेळाडू त्याच्या अंगावर धावत सुटले तेव्हा कळलं.

क्षणभर सगळे गप्प. आणि त्या शांततेत अब्बा उभे राहून ओरडले, "शाब्बास, रजब अली! शाब्बास, तारिक मियाँ!"

मी त्यांचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. घरात नाही, मोहल्ल्यात नाही. ओरडून झाल्यावर त्यांनी सवयीने आजूबाजूला पाहिलं. डावीकडे, उजवीकडे, मागे. कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. सगळे मैदानाकडे बघत होते. काका लाल पेनाने लाराच्या नावापुढे लिहीत होते आणि मागची कॉलेजची पोरं आता "केनिया, केनिया" करू लागली होती. अब्बा हळूच बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चिल्ला बेटा. आज जितना चिल्लाना है, चिल्ला."

आणि आम्ही ओरडलो. ओडुंबे फिरकी टाकायला आला आणि त्याने दहा षटकांत पंधरा धावा देऊन तिघांना बाद केलं. आसिफ करीमचा डावखुरा मारा सुरू झाला. प्रत्येक विकेटला स्टेडियमचा आवाज वाढत गेला. निम्म्या रिकाम्या स्टेडियममधून एवढा आवाज निघतो कसा, असं वाटावं. ९३ धावांत वेस्ट इंडिज गारद. शेवटची विकेट रजब अलीनेच काढली. केनिया ७३ धावांनी जिंकला. दोन वेळा विश्वचषक जिंकलेल्या संघाला, पोटापाण्यासाठी दुसरे उद्योग करून हौसेने क्रिकेट खेळणाऱ्यांनी हरवलं होतं. जिंकलेल्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली तेव्हा अब्बांनी मला खांद्यावर घेतलं. आठ वर्षांची घोडी मी! त्यांचे दोन्ही हात मला धरण्यात गुंतलेले, म्हणून टाळ्या मी वाजवल्या, त्यांच्या डोक्याच्या वर.

काकांनी वही मिटली, अब्बांनी ती त्यांच्याकडून मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी बांधून देण्याचं कबूल केलं. छापखान्याचा पत्ता दिला. काका आले, वही घेऊन गेले आणि पैसे देण्यावरून अब्बांशी भांडले. पुढे त्यांची भेट झाली नाही.

नऊ दिवसांनी, ९ मार्चला, बंगळूरला भारत-पाकिस्तान उपांत्यपूर्व सामना झाला. अझरुद्दीन कप्तान होता. जडेजाने वकारला झोडपलं आणि प्रसादने आमिर सोहेलचा त्रिफळा उडवला, हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्या गल्लीत त्या रात्री पोरांनी फटाके लावले. अब्बा खूश होते, पण फटाके वाजत असताना शेजारच्या एका बुजुर्गांनी पोरांना सांगितलं, "और लगाओ, जरा रोड की तरफ जाके लगाओ." आनंद खराच होता, पण तो रस्त्यापर्यंत दिसावा, हीसुद्धा सोय पाहावी लागत होती. दुसऱ्या दिवशी छापखान्यात कुणीतरी थट्टेने विचारलं, "काय, काल झोप लागली का?" अब्बा हसले आणि कामाला लागले. नेहरू स्टेडियमवर दहा दिवसांपूर्वी मिळालेली मोकळीक एवढीच टिकली.

मी पुढे शिक्षिका झाले आणि वाचनात आलं तेव्हा कळलं की हा टाळीचा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. मुंबईत इंग्रजांच्या काळात चौरंगी आणि मग पंचरंगी सामने होत. संघच मुळी हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे. नंतर त्यात पाचवा 'इतर' नावाचा संघ आला. म्हणजे मैदानात शिरतानाच प्रेक्षकाने आपला धर्म सोबत आणायचा. गांधीजींनी १९४० मध्ये या प्रकाराला विरोध केला आणि १९४६ मध्ये ते सामने बंद झाले. पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यात खेळपट्टीची देखभाल करत, साहेबांना चेंडू टाकत मोठे झालेले पळवणकर बाळू याच स्पर्धेत हिंदूंकडून खेळले. गोलंदाजीत त्यांच्या तोडीचा दुसरा नव्हता, तरी दलित म्हणून त्यांना कर्णधारपद कधी मिळालं नाही. तेव्हा हा हिशेब काही एकट्या आमच्याच माथी आलेला नाही. सामने बंद झाले, संघ मोडले, पण ती सवय प्रेक्षकांत उरली, असं मला वाटतं.

केनियाच्या त्या संघाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २००३ च्या विश्वचषकात ते उपांत्य फेरीत पोचले. २००४ मध्ये ओडुंबेवर सट्टेबाजांशी संबंध ठेवल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आली. ती बातमी वाचून अब्बांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "उस दिन का खेल तो सच्चा था." मग हळूहळू तो संघ मागे पडत गेला आणि २०१४ मध्ये त्याचा एकदिवसीय दर्जाही गेला. वेस्ट इंडिज मात्र पुण्यातल्या पराभवानंतर सावरला, चार दिवसांनी जयपूरला ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि त्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला.

आता मी वर्गात हजेरी घेते तेव्हा कधीकधी ती नावं आठवतात. माझ्या हजेरीपटावर करीम आहे, इक्बाल आहे, रजब आहे. चुडासमा नाही, मोदी नाही, ओटिएनो तर नाहीच. उर्दू माध्यमाच्या शाळेत दुसरं काय असणार? मातृभाषेतून शिक्षण हवं हे मी बी.एड.ला उत्तरपत्रिकेत लिहिलं आणि आजही मानते. पण आमचं मूल बालवाडीपासून दहावीपर्यंत आपल्यासारख्याच नावांमध्ये बसतं आणि पलीकडच्या मराठी शाळेतलं मूल त्याच्यासारख्या नावांमध्ये. दोघांची गाठ पडते ती एकदम मोठेपणी, तीही एखाद्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, 'काल झोप लागली का' असं विचारायला. शेजारी बसून डबा उघडायचा की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडलेलाच नसतो. आमच्या शाळेची सहल मी दरवर्षी एखाद्या मराठी शाळेबरोबर न्यायचा आग्रह धरते. दोनदा जमलं, बाकीच्या वेळी नाही. बस, पैसे, परवानग्या, कारणं बरीच असतात.

अब्बांबरोबर मी नेहरू स्टेडियमवर शेवटची गेले ती ३ नोव्हेंबर २००५ ला. भारत विरुद्ध श्रीलंका. तिथे झालेला तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरेल हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. दिवाळी आणि रमजान त्या वर्षी एकत्र आले होते. लक्ष्मीपूजन होऊन दोनच दिवस झालेले आणि ईद दोन दिवसांवर. अब्बांचा रोजा होता, माझाही. अम्मी म्हणाली, उन्हात रोजा ठेवून मॅच बघायला जाणारी ही दुनियेतली एकच बापलेक. पण तिचा अंदाज चुकला. आमच्या पायरीवर निदान पाचसहा जण तरी रोजेदार निघाले. त्यांच्यात आणि इतरांत फरक एवढाच की ते पाण्याच्या बाटलीकडे बघत नव्हते. आजूबाजूला फराळाचे डबे फिरत होते. एका मुलाने चकलीचा डबा पुढे केला. अब्बा म्हणाले, "रोजा आहे, बेटा." तो ओशाळला आणि त्याने डबा झाकून पिशवीत ठेवायला घेतला. अब्बांनी त्याला थांबवलं. "अरे, रोजा माझा आहे, तुझा नाही. खा निवांत." हे वाक्य कुणाचं ते मला लगेच ओळखू आलं. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

तीन दिवसांपूर्वीच धोनीने जयपूरला नाबाद १८३ धावा केल्या होत्या, त्यामुळे सगळं स्टेडियम त्याच्या लांब केसांची वाट बघत होतं. तो शेवटपर्यंत नाबाद राहिला आणि भारताने चार गडी राखून सामना जिंकला. अब्बांनी टाळ्या वाजवल्या. नेहमीसारख्या, मोजून. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. शेजारच्या मुलाने जाताना कागदात गुंडाळून चार चकल्या दिल्या, घरी जाऊन खा म्हणून. मगरिबच्या अजानला घोरपडे पेठेत पोचलो आणि खजुरानंतर त्या चकल्याच खाल्ल्या.

२०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा विश्वचषक पुण्यात आला, गहुंजेला. १४ तारखेला अहमदाबादला भारत-पाकिस्तान सामना होता. त्याच्या आदल्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, पाकिस्तान के किसी ने सेंचुरी मारी तो ताली बजाने का क्या?" वर्ग चिडीचूप. बारा वर्षांचा मुलगा. मी त्याला म्हणाले, चांगला खेळ दिसला की हात आपोआप वाजतात, त्यात विचारायचं काय. असं म्हणाले खरी, पण पुढच्या बाकावरची मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला वाटलं, हे मी इथे, चार भिंतींत, उर्दूत सांगते आहे. रस्त्यावर याला कोण सांगणार? त्या रात्री घरी टीव्हीवर सामना पाहताना मी अब्बांकडे पाहिलं. सोफ्यावर बसले होते. घरात आम्हीच होतो, खिडकी बंद होती. भारत सहज जिंकत होता. हात मांड्यांखाली.

मग ३० ऑक्टोबरला गहुंजेला अफगाणिस्तानने श्रीलंकेला सात गडी राखून हरवलं. माझ्या वर्गातला तोच मुलगा मामाबरोबर तो सामना पाहायला गेला होता. दुसऱ्या दिवशी आवाज पार बसलेला. सगळं स्टेडियम अफगाणिस्तानच्या बाजूने ओरडत होतं, म्हणाला. त्यानेही ओरडून घेतलं. शेजारी कोण बसलं होतं, विचारलं. "एक अंकल थे. नाम नहीं पूछा. उन्होंने वेफर्स दिए."

मी संध्याकाळी ते अब्बांना सांगितलं. अब्बांचे गुडघे आता गेलेले आहेत, मोहल्ल्यातल्या मशिदीपर्यंतही काठी लागते. त्यांनी अफगाणिस्तानच्या सगळ्या खेळाडूंची नावं मला एक एक करून वाचायला लावली. फझलहक फारुकीच्या चार विकेट्स कशा पडल्या ते विचारलं. त्या मुलाने आरडाओरडा करताना आजूबाजूला बघितलं का, असंही विचारलं. मी म्हणाले, ते मी त्याला विचारलं नाही.

"पूछ," अब्बा म्हणाले. "और वो गहुंजे को बस किधर से छूटती, वो भी पूछ के रख."